बाबांसाठी जिताड्याचा फिले, कातडीसकट

जिताडा या खाडीतल्या माशाचा फिले काढायचा म्हटलं की आमच्या रायगडच्या खाडीकाठची, खारेपाटातली माणसं दुखावतात. जिताडा म्हणजे मोठ्या तुकड्यांचं कालवण, सोबत तांदळाची भाकरी, आणि डोक्याचा तुकडा घरातल्या मानाच्या माणसाला. त्याचा मधला काटा सोडवायचा, दोन्ही बाजू सपाट काढायच्या आणि भाजायच्या, हे ऐकून माझ्या आत्याने विचारलं होतं, "मग त्यात उरलं काय गो?" भरपूर उरतं. किती आणि कसं, ते सांगायला बसले आहे.

मी याच्या नादी लागले ती बाबांमुळे. बाबांचा जन्म धरमतर खाडीच्या काठावरचा. खाडीत आसू, म्हणजे एक जाळं, टाकून मासे पकडण्यात त्यांचं बालपण गेलं. बाजारात गेले तर कल्ला उघडून बघायची गरज त्यांना कधी पडली नाही, मासा नुसता हातात घेतला की कालचा की आजचा ते सांगायचे. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. काचबिंदूने नजर पार मंदावली आणि उजवा हात थरथरतो. ताटातला काटा दिसत नाही आणि बोटांना लागत नाही. गेल्या वर्षी घशात काटा अडकला, रात्री इस्पितळात पळापळ झाली आणि डॉक्टरांनी काट्याचा मासा बंद करा असं सांगितलं. ज्या माणसाने जन्मभर दोन वेळा मासळी खाल्ली, त्याला हे सांगताना मला फार जड गेलं.

मग घरात बासा आला. पांढरे शुभ्र, बिनकाट्याचे, बिनकातडीचे गोठवलेले फिले. बासा हा गोड्या पाण्यातला मासा, मूळचा व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीकडचा. आता त्याच जातीचे मासे आपल्याकडे आंध्रातल्या तळ्यांमधूनही मोठ्या प्रमाणावर येतात. स्वस्त आहे, लहान मुलांना चालतो, सूपमध्ये बरा लागतो. पण भाजायला तो योग्य नाही. गोठवण्याआधी त्यात पाणी टिकून राहावं म्हणून अनेकदा फॉस्फेटचं द्रावण वापरतात. तव्यावर टाकला की ते सगळं पाणी बाहेर येतं आणि मासा भाजला न जाता उकडतो. बाबा दोन घास खायचे आणि ताट बाजूला सारायचे. तक्रार नाही, काही नाही. मला ते बघवेना, म्हणून ठरवलं की बाबांना त्यांचाच मासा द्यायचा आणि काटे मी काढायचे.

जिताडा भाजण्यासाठीच जन्माला आल्यासारखा आहे, हे मला त्यानंतर कळलं. ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात आणि तिथे तो घरोघरी कातडीसकट भाजून खातात. बंगालात तो भेटकी. कोलकात्याच्या बाजारात भेटकीचे फिले काढून देणं हे मासेवाल्यांचं रोजचं काम आहे. तिथली पातुरी आणि फिश फ्राय त्याच फिलेवर चालतात. तिकडे कुणालाही काटा काढला म्हणून मासा बिघडला असं वाटत नाही. याचं मांस पांढरं, जाड पाकळ्यांचं, आणि कातडीखाली चरबीचा एक पातळ थर. भाजताना मांस कोरडं पडू न देणारा तो थरच. म्हणून कातडी काढायची नाही. फिले भाजण्याबद्दल मला एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी हीच सांगेन: कातडी ठेवा, ती कोरडी करा आणि तिच्याच बाजूने मासा शिजवा.

मासा दोन किलोच्या आसपासचा घ्यावा. त्याचे फिले मधोमध साधारण इंचभर जाड निघतात, भाजायला अगदी बेताचे. फार मोठ्याचा हव्यास नको. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. त्यामुळे खाडीतले थोराड जिताडे म्हणजे बहुतेक सगळ्या अंडी घालणाऱ्या माद्या. त्या खाडीत राहिलेल्याच बऱ्या.

आमच्याकडे घरामागच्या तळ्यात जिताडे पाळायची जुनी रीत आहे. पावसाळ्यात खाडीतून पिल्लं आणायची, तळ्यात सोडायची. ती तळ्यातली छोटी मासळी खाऊन वाढतात. जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते, तेव्हा या तळ्यांचा मोठा आधार. फक्त तळ्यातल्या माशाला कधीकधी चिखलाचा वास येतो. पाण्यातल्या काही जिवाणूंमुळे आणि शेवाळामुळे जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते माशाच्या चरबीत आणि कातडीत साठतं. भाजलेल्या माशात हा वास कालवणापेक्षा जास्त जाणवतो, कारण लपवायला मसाला नसतो. ज्यांना हे माहीत आहे ते मासा काढण्याआधी काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवतात. ते जमण्यासारखं नसेल तर फिलेला कोकमाचं आगळ चोळा, दहा मिनिटांनी धुऊन टाका. आंबटाने तो वास बराच उतरतो.

मी पनवेलला राहते. बाजारात एका ठरलेल्या मावशीकडेच जाते. पहिल्यांदा तिला म्हटलं, "मावशी, मधला काटा सोडवून दे, दोन बाजू वेगळ्या कर, कातडी राहू दे." ती म्हणाली, "बाय, एवढ्या चांगल्या जिताड्याची नासाडी करतेस व्हय?" मी बाबांचं सांगितलं. त्यानंतर ती स्वतःच कोयती बाजूला ठेवून बारीक सुरी काढते. खवले नीट खरवडायला सांगायचे, विशेषतः पोटाकडचे आणि पंखांच्या मुळाशी असलेले. जिताड्याचे खवले जाड असतात आणि कातडी खायची असेल तर एकही राहून चालत नाही. दोन किलोच्या माशातून फिले निघतात आठशे-नऊशे ग्रॅम. बाकीचं डोकं, मधला काटा, पोटाच्या फासळ्या, सगळं पिशवीत घालून घरी आणायचं. ते टाकून दिलं तर आत्याचं म्हणणं खरं ठरेल.

आता काटे. मधला काटा आणि फासळ्या निघाल्या म्हणजे फिले बिनकाट्याचा झाला असं नाही. फिले कातडीवर पालथा टाका, म्हणजे मांस वर. डोक्याकडच्या टोकापासून शेपटीकडे मधल्या रेषेवरून बोट हलकेच दाबत न्या. पुढच्या अर्ध्या भागात बोटाला बारीक टोकं लागतात, एकामागोमाग एक, सरळ रांगेत. हे काटे मांसात आडवे घुसलेले असतात. सॅमनमध्ये ते चिमट्याने ओढून निघतात. ताज्या जिताड्यात ते इतके घट्ट बसलेले असतात की ओढले तर मांस फाटतं किंवा काटा आतच तुटतो. म्हणून मी चिमटा वापरत नाही. रांगेच्या दोन्ही बाजूंना, कातडीपर्यंत, पण कातडी न कापता, तिरकी सुरी चालवते आणि करंगळीएवढी पट्टी काट्यांसकट उचलून काढते. मग पुन्हा बोट फिरवते, या वेळी उलट्या दिशेने, शेपटीकडून डोक्याकडे. मग डोळे मिटून एकदा. डोळे मिटल्यावर बोटाला जास्त कळतं. या कामाची घाई मी करत नाही. फोन वाजला तरी घेत नाही.

फिलेचे साधारण दीडशे ग्रॅमचे तुकडे करायचे. कातडीवर दोन-तीन उथळ चिरा द्यायच्या, नाहीतर आचेवर कातडी आक्रसते आणि तुकडा वाटीसारखा वाकतो. दोन तुकड्यांना मिळून अर्धा चमचा बारीक मीठ पुरतं. दोन्ही बाजूंना लावायचं आणि कातडी वर करून, न झाकता, तासभर फ्रीजमध्ये ठेवायचं. मीठ माशातलं पाणी ओढून वर आणतं आणि फ्रीजची थंड कोरडी हवा कातडी सुकवते. बाहेर काढल्यावर सुती कापडाने दाबून दाबून टिपून घ्यायचं. कातडीवर हात फिरवला तर ती कागदासारखी लागली पाहिजे. ओली कातडी आचेवर आधी स्वतःचं पाणी आटवत बसते, आणि पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नाही. खरपूस रंग यायला दीडशेच्या आसपास लागतं. तोपर्यंत आतलं मांस शिजून कोरडं झालेलं असतं.

मसाल्याबद्दल माझं मत ठाम आहे, आणि घरात यावरून वाद होतात. लाल मसाला, आलं-लसणाचं वाटण, वर तांदळाचं पीठ किंवा रवा, हे तव्यावर तेलात तळायच्या तुकडीसाठी. तिथे ते सुंदर लागतं, त्याला मी काही बोलणार नाही. थेट आचेवर मात्र लसूण आणि मिरची मासा शिजायच्या आधी करपतात आणि कडू होतात. रवा तर जाळीला चिकटून बसतो. लिंबात किंवा आगळात तासभर भिजवूनही ठेवू नका, आंबटाने मांसाचा वरचा थर आधीच पांढरा आणि भुसभुशीत होतो. भाजायच्या माशाला आधी मीठ, थोडी हळद आणि शेंगदाण्याचं तेल, बस. तेल माशाला लावायचं, जाळीला नाही.

आणि आमचं हिरवं वाटण? ते लागतंच, पण शेवटी. लसणाच्या चार पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, बोटभर आलं खलबत्त्यात जाडसर ठेचायचं. त्यात दोन चमचे आगळ आणि चमचाभर तेल. मासा उतरल्यावर तो गरम असतानाच मांसाच्या बाजूवर हे पसरायचं. कातडीवर नाही, ती मऊ पडते. गरम मांसावर कच्च्या लसणाचा उग्रपणा मोडतो आणि कोथिंबिरीचा रंग टिकतो. बाबांसाठी मिरची एकच घालते.

रोजच्या दिवशी फ्लॅटमध्ये कोळसा पेटवायचा प्रश्नच येत नाही. घरात, खिडक्या लावलेल्या गॅलरीत कोळशाची शेगडी कुणीही पेटवू नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि त्याने माणसं दगावतात. मी ओटीजीचा, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनचा, वरचा रॉड वापरते. पूर्ण तापमानावर पंधरा मिनिटं तापू द्यायचा, ट्रेही आतच तापवायचा. तुकडे कातडी वर करून ठेवायचे आणि जाळी रॉडच्या जवळच्या खाचेत सरकवायची. सात-आठ मिनिटांत कातडी फुगते, तडतडते आणि तिच्यावर तपकिरी डाग पडतात. बाजारात मिळणारा उभ्या रेघांचा ग्रिल पॅन माझ्याकडेही आहे, पण माशाला मी तो काढत नाही. कातडी फक्त रेघांना टेकते, मधल्या खाचांमध्ये ती वाफेने ओलीच राहते. त्यापेक्षा साधा बिडाचा सपाट तवा कितीतरी चांगला. तवा पाण्याचा थेंब नाचेपर्यंत तापवायचा, तुकडा कातडीवर ठेवायचा, अर्धा मिनिट उलथन्याने दाबून धरायचा आणि मग पाच-सहा मिनिटं हात लावायचा नाही. उलटल्यावर मिनिटभर पुरे.

पण खरी चव निखाऱ्याची. गावच्या घरी गेलो की अंगणात शेगडी निघते. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी मडक्यात, विस्तवावर लागते, लहानपणी खेकडे आणि सुके बोंबील चुलीतल्या निखाऱ्यांवर भाजून खाल्ले, त्यामुळे विस्तवाशी आमची ओळख जुनी आहे. बाभळीचे कोळसे पेटवून त्यांच्यावर राखाडी राख चढेपर्यंत थांबायचं. काळा कोळसा दिसतोय तोवर मासा ठेवायचा नाही. कोळसे शेगडीच्या एका बाजूला ओढून घ्यायचे, दुसरी बाजू रिकामी ठेवायची. हाताचा तळवा जाळीपासून वीतभर वर धरा. तीन-चार सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला की आच बरोबर आहे. दुहेरी जाळी आधी नुसतीच तापवून, ब्रशने घासून स्वच्छ करायची. गार लोखंडाला मासा चिकटतो, कालची राड लागलेल्या लोखंडाला जास्तच.

तुकडा कातडी खाली करून ठेवला की पहिल्यांदा एक बारीक सुस्कारा ऐकू येतो. मग चरबी वितळून कोळशावर पडते, चर्र होतं, निळसर धूर वर येतो आणि तो मांसात मुरतो. ज्वाळ उठली तर जाळी लगेच रिकाम्या बाजूला न्यायची. ज्वाळेची काजळी कडू असते. या काळात माशाकडे बाजूने बघत राहायचं. कडेने मांस आधी काचेसारखं अर्धपारदर्शक असतं. खालून एक पांढरी रेघ वर चढायला लागते, भरती चढावी तशी, हळू पण न थांबता. ती रेघ तीन-चतुर्थांश उंचीला आली की उलटायची वेळ झाली. जाळीची कड किंचित उचलून बघा. कातडी आपण होऊन सुटली तर तयार आहे. ओढ लागली तर आणखी अर्धा मिनिट. जबरदस्ती केली की कातडी जाळीला राहते आणि मांस हातात येतं. मांसाची बाजू आचेवर एक-दीड मिनिटापेक्षा जास्त नको. शेवटच्या क्षणी मी नारळाच्या करवंटीचा एक तुकडा निखाऱ्यात टाकते. त्याचा धूर गोडसर असतो.

शिजला कधी हे ओळखण्यात सगळं आहे. इंचाला दहा मिनिटं हा जुना नियम आहे, पण तव्याच्या आणि कोळशाच्या आचेवर तो जास्त होतो. सातव्या मिनिटापासून लक्ष ठेवा. माशाच्या पाकळ्यांमध्ये पातळ पडदे असतात, ते पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास विरघळू लागतात आणि पाकळ्या एकमेकींपासून सुटतात. सुरीचं टोक जाड भागात घालून हलकेच वळवा. पाकळ्या सुटल्या आणि आतलं मांस ओलसर पांढरं असलं की उतरवा. पाकळ्यांमधून दह्यासारखे पांढरे थेंब भराभरा येऊ लागले तर मासा पुढे गेला. उतरवल्यावरही तो दोन-तीन मिनिटं आतून शिजत राहतो, हे धरून चालायचं. अमेरिकेतलं अन्न व औषध प्रशासन माशासाठी आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअस सांगतं. स्वतःसाठी मी थोडा आधी उतरवते. बाबांचं वय आणि तळ्यातला मासा लक्षात घेऊन त्यांच्या तुकड्याला थर्मामीटर लावते आणि ६३ बघूनच देते. कातडीखालच्या चरबीमुळे जिताडा तेवढ्यालाही रसदार राहतो.

जिताडा नेहमी मिळत नाही. रावस उत्तम, मात्र त्याची पाकळी नाजूक, उलटताना रुंद उलथनं घ्यावं. तांबोशीचीही कातडी छान कुरकुरीत होते. घोळीचा फिले जाड आणि घट्ट, कोळशावर फार बरा लागतो. सुरमई मला फिले करून भाजायला आवडत नाही, ती चटकन कोरडी पडते. तिची आडवी तुकडीच बरी. पापलेटचा तर फिले काढूच नये. आपला राज्यमासा तो, अख्खा भाजावा, चिरा देऊन.

आता आत्याचं उत्तर. डोकं, मधला काटा, फासळ्या आणि ती कापून काढलेली करंगळीएवढी पट्टी, हे सगळं घालून त्याच दिवशी कालवण होतं. काट्याजवळचंच मांस आणि डोक्यातला चिकटपणा रस्सा दाट करतो, त्यामुळे फिले काढून घेतल्याने कालवणाचं काहीही जात नाही. बाबांना तो रस्सा मी बारीक गाळणीतून दोनदा गाळून देते. ताटात तांदळाची भाकरी, वाटीत गाळलेलं कालवण आणि बाजूला भाजलेला तुकडा. बाबा भाकरीचा घास मोडतात, मासा बोटांनी चाचपत नाहीत, सरळ उचलतात आणि रश्शात बुडवतात. कातडी आधी खातात. आत्या गौरीला आली होती तेव्हा ऋषिपंचमी आणि पाठोपाठ सण, त्यामुळे मासे नव्हते. सण आटोपल्यावर मुद्दाम ठेवून घेतलं आणि जिताडा केला. तिने भाजलेला तुकडा खाल्ला, मग दुसरा मागून घेतला, आणि जाताना काट्यांची पट्टी कशी कापायची ते ओट्याशी उभं राहून शिकून गेली.

उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवू नका, तो घट्ट होतो आणि वास धरतो. रात्री लगेच फ्रीजमध्ये ठेवायचा. सकाळी कातडी वेगळी करून कोरड्या तव्यावर कुरकुरीत करायची. मांस हाताने कुस्करून त्यात बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, चिमूटभर आगरी मसाला आणि लिंबू घालायचं. वर कातडीचा चुरा. गरम भाकरीवर हे पसरून न्याहारीला खायचं. आमच्याकडे यासाठी एक तुकडा आता मुद्दाम जास्तीचा भाजला जातो.